श्रीनगरचे अक्रोडी लाकूड

झेलमच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या जुन्या श्रीनगरात पुलास ‘कदल’ म्हणतात. फतेह कदलच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांतून पटाशीवर पडणारे हलके ठोके ऐकू येऊ लागले, की नक्काशांचे कारखाने जवळ आले असे समजावे. अक्रोडाच्या लाकडावर कोरीव काम करणाऱ्या कारागिरास तेथे ‘नक्काश’ म्हणतात.

सागाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना एकाच झाडाच्या लाकडातील रंगभेद नवल वाटावा असा आहे. फांदीचे लाकूड फिकट, खोडाचे त्याहून गडद, आणि मुळाचे सर्वांत काळसर व दाट शिरांचे. म्हणूनच मुळेही खणून काढितात आणि त्यांस मोलही अधिक. फळ्या सावलीत, मध्ये हवा खेळेल अशा रचून काही वर्षे वाळवाव्या लागतात. येथे घाई केली, की दूरच्या उष्ण गावी गेलेली पेटी हमखास तडकते. नीट वाळलेले अक्रोड मात्र सहसा वाकत नाही, आणि शिरांच्या आडवी पटाशी चालली तरी त्याचा ढलपा सहजी उडत नाही. चिनारचे पान, कमळ, द्राक्षवेल इतक्या खोलवर कोरता येतात त्या यामुळेच. धक्का सोसण्याच्या गुणामुळे हेच लाकूड युरोपात बंदुकीच्या दस्त्यांसाठीही पसंत केले गेले, हेही नमूद केले पाहिजे.

जुन्या गोव्यातील वेद्यांचे कोरीव लाकूड सोन्याच्या मुलाम्याखाली झाकलेले आहे. काश्मिरी नक्काश मेण किंवा पॉलिश देऊन लाकूड उघडेच ठेवितो. त्याच्या हातचा साधा क्रूसदेखील शिरांनीच शोभतो. खरेदी करणाऱ्याने वस्तूचा तळ अवश्य उलटून पाहावा. हलक्या लाकडास रंग देऊन ते अक्रोड म्हणून खपविणारेही बाजारात असतात.

परंतु हे झाड मुळात फळासाठी जोपासलेले, घराला पोसणारे. १९६९ च्या कायद्याने ते परवानगीवाचून तोडण्यास मनाई झाली. उंच झाडावर चढून काठीने अक्रोड झोडपताना दर शरदात माणसे पडून जायबंदी होतात, काही दगावतात. म्हणून आता ठेंगण्या, कलमी झाडांच्या लागवडीस उत्तेजन दिले जात आहे. त्यामुळे पाडणाऱ्याचा जीव वाचेल, आणि ते योग्यच होय. नक्काशास हवे तसे जाड खोड मात्र त्या झाडांपासून मिळणे कठीण.