कोलामार्काला जायचं आहे

पहाडी गोरिला पाहायला जाणाऱ्यांसाठी केलेले नियम मी वाचून काढले आणि त्यांतला एक मनात रुतून बसला. सर्दी-खोकला असलेल्या माणसाने गोरिलाच्या जवळ जायचं नाही. विरुंगाचे ज्वालामुखी डोंगर आणि बविंडीचं अरण्य मिळून ही जनावरं हजाराच्या थोडी वर आहेत आणि आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून एका कळपापाशी दिवसाला फार तर आठ पाहुणे, आणि तेही एक तासच.

ते डोंगर माझ्यापासून फार लांब आहेत. मला जायचं आहे ते कोलामार्काला, रानम्हैस पाहायला.

आम्हा चंद्रपूरकरांना रान म्हटलं की आधी ताडोबाच आठवतो. तिथलं सगळं ठरलेलं असतं: ऑनलाइन बुकिंग, ओळखपत्र, मोहर्लीचं नाहीतर कोलाऱ्याचं गेट, जिप्सी, मंगळवारी कोअर बंद. परतणाऱ्याला पहिला प्रश्न, वाघ दिसला का? ताडोबावर माझा जीव आहे. तरी त्या प्रश्नात रान केवढंसं होऊन जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोलामार्काची वाट वेगळी. बल्लारपूर, गोंडपिपरी, मग वैनगंगा ओलांडून आष्टी. आलापल्लीच्या सागवानात शिरलं की मान आपोआप वर होते. तिथून दक्षिणेला रेपनपल्ली, मग सरकारी हत्ती असलेलं कमलापूर आणि त्याच्याही आत हे रान. २०१३ साली रानम्हशीसाठी इथलं सुमारे १८० चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव झालं. पलीकडे इंद्रावती, छत्तीसगडचा व्याघ्र प्रकल्प. त्या राज्याने रानम्हशीला राज्यप्राणी मानलं आहे. आपल्याकडे ती आहे हेच कितीजणांना ठाऊक आहे?

जगात रानम्हशी चार हजारांच्या आत उरल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक आसामात. मध्य भारतात राहिलेत ते तुरळक कळप, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला या कोपऱ्यातली मोजकी जनावरं. मोठा रेडा हजार किलोच्याही वर भरतो. दोन्ही बाजूंना पसरलेली त्याची ती शिंगं! एवढ्या ताकदीच्या जनावराला वाघाचं भय असेल तेवढं असो, त्याचा घात होतो तो घरच्या गोठ्यातून. बुळकांडीने एके काळी रानातले गवे-म्हशी गुरांसारखेच लोळवले. तो रोग २०११ मध्ये जगातून गेला, पण लाळ्या-खुरकूत अजून आहे. एकाच डोहावर गावची गुरं आणि रानचा कळप पाणी पितात. त्यात पाळीव रेडा कळपात मिसळला, तर पुढच्या वासरांत रानचं रक्त पातळ होत जातं.

याचा दोष माडिया गावांना देणाऱ्यांशी मी भांडेन. त्यांची गुरं पिढ्यान् पिढ्या इथेच चरत आली आहेत. त्या गुरांना वेळेवर लस मिळणं हीच रानम्हशीची पहिली राखण, आणि ते काम सरकारचं आहे.

म्हणून माझ्या बेतात दुर्बिणीआधी बूट आले. एखाद्या गोठ्यातून, बैलबाजारातून फिरलेले बूट घालून त्या डोहाकाठी जायचं नाही. धुऊन, उन्हात वाळवलेलेच घालायचे. लाळ्या-खुरकूत बुटांच्या चिखलातूनही जातो.

मग दिवस कोणते? पावसाळ्यात नाले वाट अडवतात. पाणी आटत गेलं की म्हशी उरलेल्या डोहांकडे येतात, तेव्हा त्या दिसण्याचा संभव अधिक. मी आधी चैत्राचाच विचार करत होते. पण त्याच दिवसांत त्यांना त्या पाण्याची आणि चिखलात लोळण्याची सगळ्यांत जास्त गरज असते. माणसाचा वास लागून कळप डोहावरून उठला, तर भर उन्हात दुसरं पाणी त्याने कुठे शोधायचं? मोहफुलं वेचायला गावकरीही तेव्हाच रानात असतात. त्यांचं ते पोट आहे, माझी ती हौस.

तेव्हा माघातच जावं असं वाटतं. डोहांत पाणी असेल, कळप पांगलेले असतील, म्हैस बहुधा दिसायचीही नाही. खुरांचे ठसे, शेणाचे पो, नुकतीच लोळून गेलेली चिखलाची जागा दाखवायला तिथला वनरक्षक सोबत असला की मला पुरे. वनविभागाकडे परवानगीचा अर्ज करायचा आहे. त्यात तारीख मी घालणार नाही. कळपात नवी वासरं असतील तर कोणत्या महिन्यात येऊ नये, हे आधी विचारणार आहे.