नावेचं भोक



क्षमावाणीला मी आणि माझी धाकटी जाऊ दरवर्षी एकमेकींची क्षमा मागतो. डोळ्यांत पाणी येतं, ते खोटं नसतं. पण पंधरा दिवसांत पुन्हा भांडी आपटायला लागतात. गेल्या वर्षी तर गोष्ट चूल वेगळी करण्यापर्यंत गेली.

कारण एकच, सूर्यास्ताआधीचं जेवण. ती नोकरीवरून सहाला येते, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक माझ्यावर. मी धुसफुसते. माझं तोंड बघायला नको म्हणून ती आणखी उशीर करते. मग माझी धुसफूस वाढते.

लेक शांतताकार्याचा अभ्यास करते. ती म्हणाली, "आई, चूक कोणाची ते नंतर बघ. चक्र कुठून फिरतंय ते आधी शोध. आमच्यात याला सिस्टिम्स थिंकिंग म्हणतात." मग तिने आफ्रिकेतल्या लायबेरियाची हकिकत सांगितली. तिथे १९८९ पासून यादवी. करार व्हायचे, मोडायचे. १९९७ ला निवडणूक झाली, तरी १९९९ ला पुन्हा युद्ध. २००३ मध्ये लेमा ग्बोवी आणि तिच्यासोबतच्या ख्रिस्ती-मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून राजधानीत रोज धरणं धरून बसल्या. घानात बोलणी रेंगाळली तेव्हा त्यांनी सभागृहाची दारं अडवली. १८ ऑगस्टला करार झाला, पण त्या थांबल्या नाहीत. पोरांनी बंदुका खाली ठेवाव्यात म्हणून खपल्या, २००५ च्या निवडणुकीसाठी बायकांची मतदार नोंदणी केली.

ऐकताना मला स्वाध्यायातली नाव आठवली. भोकातून पाणी येतं तो आस्रव, भोक बुजवणं संवर, साचलेलं उपसणं निर्जरा. आम्ही दरवर्षी नुसतं उपसत होतो!

मग मी जावेला शांतपणे विचारलं, "तुला संध्याकाळी काय अडतं?" तेव्हा कळलं, उशीर झाला की ती न जेवताच झोपायची. आणि मी समजत होते, हिला घरच्या जेवणाची पर्वाच नाही.

आता सकाळचा नाश्ता आणि डबे तिच्याकडे. संध्याकाळची भाजीही तीच निवडून ठेवते. थंडीत दिवस लवकर मावळतो, म्हणून ती संध्याकाळचाही डबा सोबत नेते. पाणी गाळणं आणि पानं घेणं दोघा भावांकडे.

अजून कधी आवाज चढतो. पण यंदाच्या क्षमावाणीला चूल एकच होती, आणि उपसायचं पाणी थोडं होतं.