वाळीत आणि मंडळीत

‘मंडळी’ हा शब्द वर्गात आला की मला थोडे थांबावे लागते. घरची माणसे म्हणजे मंडळी, पंगतीला बसलेली तीही मंडळी, आणि मराठी बायबलात ‘चर्च’ला प्रतिशब्दही मंडळीच. विद्यार्थ्यांना याची गंमत वाटते; मला मात्र धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावचा लहानपणीचा एक रविवार आठवतो.

वडील मंडळीचे पंच होते. त्या दिवशी उपासना संपताना पाळकांनी जाहीर केले, की दारूच्या व्यसनामुळे माझ्या चुलत्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात येत आहे. चुलते मागच्या सतरंजीवर बसले होते. ते उठले, चपला पायांत सरकवल्या आणि निघून गेले. तो निर्णय चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. मंडळीने काहीच विचारायचे नाही असे ठरवले असते, तर मार खाणाऱ्या काकूंनी कुणाकडे पाहायचे? पण त्यानंतर आमच्या घरातून कुणी चुलत्यांच्या दारी गेले नाही. त्याआधीही गेले नव्हते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात शिस्तीचा क्रम सांगितला आहे : आधी एकट्याने एकांतात समजवावे, मग एकदोघांना सोबत न्यावे, आणि अखेरीस मंडळीला सांगावे. या क्रमाच्या अलीकडे हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आहे आणि पलीकडे क्षमेचा. आम्ही पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उभे राहिलो. मग जे उरले त्याला गावात जुनाच शब्द होता : वाळीत टाकणे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ पासून कायदा लागू आहे. भावाच्या घरी न जाण्याविरुद्ध कुठला कायदा होणार?

पुढे पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचताना शिस्तीचे वेगळे रूप दिसले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटिज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोनच वर्षांत त्रैक्याचा सिद्धान्त आणि आज्ञापालन यांवरून त्यांचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी तीव्र वाद झाला. सिस्टरना त्यात अहंकार दिसत होता. इथल्या पुरोहितांचे जोखड झुगारून गेलेल्या रमाबाईंना तिथल्या पुरोहितांचे जोखड नको होते. मतभेद मिटले नाहीत, पण पत्रेही थांबली नाहीत. छोट्या मनोरमेसाठी सिस्टर ‘आजीबाई’च राहिल्या. स्वतःला बोचणारी पत्रेही सिस्टरनी जपून ठेवली, म्हणूनच १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने ती ग्रंथरूपात आपल्यापर्यंत पोचली.

चुलते पुन्हा उपासनेला आले नाहीत. त्यांच्या मातीला मात्र सगळी मंडळी जमली. दफनभूमीतून परतताना वडील बराच वेळ गप्प होते. घराजवळ आल्यावर एवढेच म्हणाले, “जायला पाहिजे होतं रे, एकदा तरी.”