पटावरची उडी

मारिओची उडी पटावर आणायची, असे मी आणि धाकट्या भावाने दिवाळीच्या सुट्टीत ठरविले. कल्पना काही नवी नव्हे. १९८१ साली आलेला ‘डाँकी काँग’ मिल्टन ब्रॅडली या अमेरिकन कंपनीने पुढच्याच वर्षी पटावर आणला होता. आम्हाला मात्र १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हवा होता. त्यात बटण क्षणभर जास्त दाबले की उडी उंच जाते. आता पुठ्ठ्यावर हा क्षण कुठून आणायचा? फासा टाकावा, तर ती सापशिडीच झाली!

शेवटी प्रत्येकाला एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या दिल्या. आकडा तेवढी घरे पुढे. वापरलेली चिठ्ठी पाचही संपेपर्यंत परत मिळायची नाही, आणि खड्ड्यात पडला तो पहिल्या घरात. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट, चिंचोक्यांच्या सोंगट्या. वेळ साधण्याचे कसब गेले, राखून ठेवण्याचे आले.

आई विड्या वळते. तिची बोटे माझ्याहून चपळ. पण पडद्यावरचा खेळ पुढे केला की ‘तुमचं तुम्ही खेळा’ म्हणायची. शाळा तिने पाहिली नाही. पटाशी मात्र ती आपणहून येऊन बसली.

भावाची तक्रारही खरीच होती. पडद्यावर खड्डा आयत्या वेळी समोर येतो. येथे सारी वाट उघडी.

“पुढचं सगळं दिसतंय, मग मजा कसली?”

“दिसतंय म्हणून तर बघून खर्च करते,” आई म्हणाली, आणि दोन घरांच्या खड्ड्याला तिने तीनची चिठ्ठी टाकली. पाचाची तिच्या मांडीखाली होती.