रेषेवरचे बोट

फक्कीची रेषा सरळ आखणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. दोन टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणावी लागते आणि वाकूनच, पाय दोरीला लागू न देता, मूठमूठ पांढरी भुकटी सोडत जावे लागते. विठ्ठलवाडीच्या एका मैदानावर हे काम सातवीतल्या एका मुलाकडे असे. कल्याण सोडले की कर्जतच्या वाटेवर पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडी. गाड्यांचा खडखडाट दिवसभर कानी येई. परंतु रेषा आखताना मुलाची मान वर होत नसे. मध्यरेषा, निदान रेषा, दोन्ही अंगांना मीटरभर रुंदीच्या लॉबी, असे कबड्डीचे क्रीडांगण आखून झाले म्हणजे त्याचे हात मनगटापर्यंत पांढरे होत. त्या पांढरेपणाचा त्याला थोडा अभिमानच वाटे.

रेषेचे सामर्थ्य या भागाला नवे नाही. १९४७ साली देशाच्या नकाशावर एक रेषा ओढली गेली आणि सिंधमधील हजारो कुटुंबे घरेदारे मागे टाकून येथल्या जुन्या लष्करी छावणीत येऊन उतरली. १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. मैदानावरची रेषा त्या मानाने बिचारी फारच दयाळू! पावसाच्या एका सरीने ती पुसली जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आखता येते.

श्रावणात हा मुलगा मामाबरोबर मुंबईस गेला होता. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून थोडे चालून गेले की आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना लागतो. १८७५ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या मैदानावर पावसाळ्यात रग्बीचे सामने होतात. कुंपणाबाहेर छत्री धरून मामाभाचे उभे राहिले. एकेका बाजूला पंधरा गडी, लांबट अंडाकृती चेंडू आणि चिखलच चिखल. एक गडी चेंडू काखेत मारून कडेच्या रेषेलगत धावत सुटला. समोरून आलेल्या प्रतिस्पर्ध्याने त्याला कंबरेत धरले. धावणाऱ्याचा एक पाय पांढऱ्या रेषेला जेमतेम लागला, आणि लगेच बाहेरच्या पंचाचे निशाण वर गेले.

“मामा, चेंडू तर आतच होता की!” मुलगा ओरडला.

“अरे, चेंडू हातात असला म्हणजे गडी आणि चेंडू एकच,” मामा म्हणाले. “रग्बीत ती रेषा मैदानाबाहेरची समजतात. तिला पाय लागला की चेंडूही बाहेर गेला.”

चेंडू नसलेला गडी मात्र रेषेबाहेर उभा राहिला तरी त्यात काही अपराध नाही. एवढेच नव्हे, तर चेंडू रेषेच्या वरच्या हवेत पोहोचला नसेल, तर बाहेरच्या गड्याला तो पायाने मारता येतो, हाताने टोलवताही येतो. धरता मात्र येत नाही. उंच उडी घेऊन हवेतच चेंडू झेलला आणि पाय मैदानात टेकले, तर तो झेल आतलाच मानतात. या नियमांत हवेला आणि जमिनीला वेगवेगळे स्थान आहे, ही गोष्ट मुलाला फार आवडली.

परतीच्या गाडीत तो बराच वेळ गप्प होता. मग एकाएकी म्हणाला, “मामा, आपल्याकडे उलटे आहे!”

त्याचे म्हणणे खरे होते. कबड्डीत कडेची रेषा मैदानाचाच भाग असते. एरवी रेषेबाहेरच्या जमिनीला अंग लागले की गडी बाद होतो. परंतु झटापट सुरू झाली की दोन्ही लॉबी क्रीडांगणात येतात, आणि गड्याचे सारे अंग बाहेर फेकले गेले तरी शरीराचा एखादा भाग आतल्या जमिनीला टेकलेला असेपर्यंत तो बाद होत नाही. रग्बीत एक बोट सगळ्या देहाला बाहेर नेते. कबड्डीत तेच बोट सगळ्या देहाला आत राखते. रग्बीचे मैदान सत्तर मीटरपर्यंत रुंद असू शकते. एवढ्या रुंदीत बचाव करणाऱ्याला कडेची रेषा सोबतीण वाटली, तर नवल नाही. कबड्डीच्या चिंचोळ्या जागेत चौघांच्या हातात सापडलेल्या एकट्याला मात्र तिचाच आधार असतो.

मार्गशीर्षात शेजारच्या आळीशी सामना ठरला. अखेरच्या काही मिनिटांत मुलाची चढाई आली. तिघांनी त्याला पकडले आणि ओढत लॉबीच्या बाहेरच्या रेषेपलीकडे नेले. दम न सोडता त्याने हात मागे ताणला, अंगाला पीळ दिला, सुटला आणि मध्यरेषेवर जाऊन पडला. एकच गलका झाला. बोट आत राहिले असेल, तर ते तिघेही बाद. नसेल, तर हा एकटा बाद. पंचांना गर्दीमुळे नीट दिसले नव्हते.

“हात दाखव,” पंच म्हणाले.

मुलाने हात पुढे केला. बोटांची टोके पांढरी होती. त्याच्या बाजूचे गडी आनंदाने नाचू लागले. पंचांनी तोंडाशी शिट्टी नेली.

“सर,” मुलगा हळूच म्हणाला, “ही फक्की दुपारची आहे. रेषा मीच आखली. बोट जमिनीला लागलेच नाही.”

नाच थांबला. कोणीतरी मागून त्याला मूर्ख म्हटले. शिट्टी वाजली, पंचांचा हात त्याच्याकडे वळला, आणि तो मुकाट्याने बाद गड्यांच्या जागेकडे गेला. तेथे आधीचे दोघे बसले होते. बाद झालेले गडी ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने परत येतात. त्यामुळे त्याची पाळी तिसरी होती. समोर पलीकडची चढाई सुरू झाली होती. तिकडे पाहत तो हात चड्डीला पुसू लागला. पण नखांत शिरलेली फक्की काही निघेना.