धाडसी घरफोडी आणि वीरगळ

‘भरदिवसा धाडसी घरफोडी’ ही बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून असतेच. सिनेमातलं ‘धाडसी दृश्य’ आणखी वेगळं. ‘मर्दुमकी’ आता टोमणा मारण्यापुरती उरली आहे, आणि वीरांमध्ये पीक जोमात आहे ते वाचाळवीरांचं. शब्द वापरून झिजायचेच. पण पराक्रम म्हणजे काय, हे जुन्या लोकांनी दगडात कोरून ठेवलं आहे, ते एकदा बघावं.

त्यासाठी गावच्या मारुतीच्या देवळामागे जायचं. तिथे पुष्कळदा एक उभा दगड असतो, तेल-शेंदराने चिकट झालेला. हा वीरगळ. तो खालून वर वाचायचा. तळाशी लढाई आणि आडवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर याची कीर्ती. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई आहे, पण तो थाट राजेरजवाड्यांचा. आपल्या देवळामागच्या दगडावर तळाशी कित्येकदा गायी दिसतात. गावची गुरं कुणी हाकून नेली, ती सोडवायला हा धावला आणि मेला. राज्य नाही, तख्त नाही. चार खुरांची गावची दौलत. नाव तर बहुतेक दगडांवर नसतंच. गावाला ठाऊक होतं ना, मग झालं!

आपल्याला मात्र शूर म्हटलं की घोडा, तलवार आणि ढोलताशांचं पार्श्वसंगीत लागतं. म्हणून रामा राघोबा राणे पटकन आठवत नाहीत. कारवारजवळच्या चेंडियाचे, सैन्यातल्या बॉम्बे इंजिनिअर्सचे. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांना वाट हवी होती. रस्त्यात सुरुंग पेरलेले, पाइनची झाडं आडवी पाडलेली, वरून गोळीबार. पहिल्याच दिवशी जखमी झालेला हा तरुण अधिकारी 8 ते 11 एप्रिल सुरुंग काढत, अडथळे उडवत राहिला. एकदा तर चालत्या रणगाड्याखाली त्याच्याच गतीने रांगत. परमवीरचक्र त्यांना हयातीत मिळालं, ते वाट मोकळी करून दिल्याबद्दल. देवळामागच्या त्या अनाम गुरंराख्याला हा पराक्रम चटकन कळला असता.

तुमच्या गावात असा दगड पालथा पडला असेल, कुणी त्यावर धुणं आपटत असेल, तर चार माणसं बोलावून तो उभा करा. ऑइलपेंट तेवढा लावू नका.