दिवा बंद करा हो!

काही माणसांच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात. आमच्या घाटकोपरच्या चाळीत तीळ तोंडात जायच्या आधीच त्याची बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचलेली असायची. कुणाच्या घरी पाहुणे येणार, कुणाचं प्रमोशन हुकलं, कुणाच्या मुलीला ‘पाहायला’ येऊन गेले आणि काय निरोप आला, हे त्या त्या घरातल्या माणसांना सगळ्यांत शेवटी कळत असे. अशा चाळीवर १९७१ च्या डिसेंबरात युद्धाची गुपितं सांभाळायची वेळ आली.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि मुंबईत ब्लॅकआउट आला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवायचे, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग फासायचा, संध्याकाळनंतर उजेडाची तिरीपसुद्धा बाहेर पडू द्यायची नाही. आमच्यापासून तुर्भे जवळ. तिथे अणुसंशोधन केंद्र, शेजारी तेलशुद्धीकरणाचे कारखाने. त्यामुळे शत्रूचं पहिलं विमान मुंबईवर येईल ते घाटकोपर विचारतच येईल, याबद्दल चाळीत दुमत नव्हतं. उलट, एवढं महत्त्व आपल्याला प्रथमच मिळतंय म्हणून थोडा अभिमानच होता.

चाळीतलेच एक गृहस्थ वॉर्डन झाले होते. दिवसा पोस्टात कारकून, रात्री वॉर्डन. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी आणि हातात पत्र्याचा कर्णा. अंधार पडला की ते पटांगणात उभे राहून गर्जना करत, “मागची चाळ, वरचा मजला, जिन्यापासून चौथी खोली! दिवा दिसतोय! दिवा बंद करा हो!”

आमचे वडील अंधारात पान लावता लावता म्हणायचे, “वर विमान असलंच, तर आता त्याला दिव्याची गरज नाही. पत्ता मिळाला.”

वॉर्डनसाहेबांचा हेतू शुद्ध होता. पण त्या कर्ण्यामुळे कुणाकडे रात्री साडेदहाला शेगडी पेटते, कुणाच्या मोरीतला बल्ब चाळीस ऐवजी शंभरचा आहे, ही सगळी लष्करी महत्त्वाची माहिती उघड झाली. एकदा तर “पहिला मजला, सहावी खोली, दिवा बंद करा आणि भांडण उद्या करा,” असंही प्रसारण झालं.

वॉर्डन हे आमचं स्थानिक केंद्र. आंतरराष्ट्रीय बातम्यांसाठी ट्रान्झिस्टरकाका होते. मुंबईत दूरदर्शन यायला अजून दहा महिने अवकाश होता, त्यामुळे युद्ध फक्त ऐकायचं असे. काका आकाशवाणीच्या मराठी बातम्या ऐकत, मग बी.बी.सी. लावत, मग शत्रू काय थापा मारतोय ते कळावं म्हणून रेडिओ पाकिस्तान धरत, आणि या तिन्हींची मिसळ करून वर स्वतःच्या कल्पनेची तर्री ओतून ती गरमागरम वाढत. तुर्भ्याच्या टेकडीवर विमानविरोधी तोफा किती आहेत, हे त्यांना नक्की ठाऊक असे. आकडा मात्र रोज बदलायचा. सांगून झालं की डावीकडे-उजवीकडे बघत ते म्हणत, “पण कुणाला सांगू नका.” हे वाक्य ते न्हाव्याकडे, दूधकेंद्रावर, आणि फलाटावर लोकलची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांनाही सांगून येत. शत्रूचा हेर आमच्याकडे राहायला आला असता तर पंधरा दिवसांत वेडा होऊन परत गेला असता. मला आजही वाटतं, त्या युद्धात काकांचा वाटा होता.

गंमत अशी, की खरं गुपित यांच्यापैकी कुणालाच कळलं नाही. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी थेट कराची बंदरावर हल्ला चढवला. पुढे तोच दिवस ‘नौदल दिन’ झाला. आणि नौदलाच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय ज्या मुंबईत, तिथले आम्ही त्या रात्री काय करत होतो? सहाव्या खोलीतलं भांडण ऐकत होतो. ज्यांना ठाऊक होतं ते गप्प होते. ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं ते बोलत होते. युद्धशास्त्रातलं मला समजलेलं एवढं एकच तत्त्व.

पण बोलणाऱ्यालाही खरं ठाऊक असलं, की मामला कठीण होतो. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवर इंग्रज आणि अर्जेंटिना यांची जुंपली, तेव्हा बी.बी.सी.च्या जागतिक सेवेने सांगून टाकलं, की पॅराशूट पलटण गूज ग्रीनच्या दिशेने निघाली आहे. हल्ला व्हायचा होता! आपण कुठे चाललोय हे पलटणीतल्या जवानांनी स्वतःच्याच देशाच्या रेडिओवर ऐकलं. बातमी फुटली होती ती लंडनमध्ये. पलटणीचे प्रमुख कर्नल जोन्स संतापले. त्याच लढाईत ते मारले गेले. बातमीमुळेच, असं म्हणता येणार नाही. पण ट्रान्झिस्टरकाकांच्या हाती खरी माहिती लागली तर काय होईल, ते मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. तोवर मी लग्न करून मुलुंडला ब्लॉकमध्ये आलो होतो, आणि माझ्या नकळत आमच्या बिल्डिंगचा ट्रान्झिस्टरकाका झालो होतो.

मग २००८ चा २६ नोव्हेंबर आला. मी फोर्टातल्या ऑफिसातून नेहमीच्या लोकलने आठच्या आत घरी पोचलो होतो. त्यानंतर दीड-दोन तासांनी त्याच स्टेशनात काय झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. विलेपार्ल्याला हायवेवर टॅक्सीत स्फोट झाला, म्हणजे उपनगरंही सुटली नाहीत. मी टी.व्ही.समोर बसलो तो जवळजवळ शनिवारपर्यंत उठलोच नाही.

समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी आमच्याकडेच येऊन बसल्या होत्या. त्यांचा मुलगा अग्निशमन दलात. ताजला आग लागली तेव्हा तो ड्यूटीवर होता, आणि त्याचा फोन लागत नव्हता. रात्रभर वहिनी पडद्याला नाक लावून शिड्या बघत होत्या. खिडक्यांतून माणसं खाली उतरवली जात होती. पहाटे एकदम ओरडल्या, “तो बघा! आमचाच! मान अशीच वाकडी धरतो मेला!” हेल्मेटखाली कोण होतं ते देव जाणे. पण आमच्या हिने देवापुढे साखर ठेवली आणि चहा टाकला. त्या घटकेला मी टी.व्ही.वाल्यांना मनापासून दुवा दिला.

शुक्रवारी सकाळी नरीमन हाउसवर हेलिकॉप्टर आलं. दोर सुटला आणि कमांडो गच्चीवर उतरू लागले. सगळं थेट, जसंच्या तसं. आता माझा स्वभाव. वानखेडेवरून कॉमेंटरी करावी तसा मी सुरू झालो, “हा पहिला उतरला. दुसरा. हा तिसरा, डावीकडे गेला. चौथा...”

“भाऊजी, मोजू नका.”

मी वळून बघितलं. वहिनी पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

“आपल्याला दिसतंय ते त्यांनाही दिसत असेल ना हो? त्यांचीही कुणी माणसं असतीलच की टी.व्ही.समोर बसलेली. परवा माझा तो शिडीवर मला दिसला, तसा...” पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही. उठल्या, आणि आमच्या घरातला, आमच्या मालकीचा टी.व्ही. त्यांनी बंद केला. मी मनातून चिडलो होतो, हे कबूल करतो. उरलेले कमांडो मला शेजारच्या खिडकीतून येणाऱ्या आवाजावरून मोजावे लागले.

जेमतेम मॅट्रिक झालेल्या बाईला जे शुक्रवारी सकाळी कळलं, ते कायद्याच्या भाषेत यायला पावणेचार वर्षं लागली. २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या खटल्याचा निकाल दिला. त्यात दूरचित्रवाणीच्या थेट प्रक्षेपणावर स्वतंत्र ताशेरे आहेत. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार आपलेच चॅनेल बघत होते आणि फोनवरून आतल्या हल्लेखोरांना सांगत होते, बाहेर काय चाललंय. त्या संभाषणांचे उतारेच न्यायालयासमोर होते. या प्रक्षेपणामुळे नेमकी कुणाला इजा झाली हे सांगता येणार नाही, पण सुरक्षा दलांचं काम अधिक अवघड आणि धोक्याचं झालं, असं न्यायालय म्हणालं. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढालही त्यांनी चालू दिली नाही. मग २०१५ मध्ये केबल टी.व्ही.च्या नियमांत बदल झाला, की अतिरेक्यांविरुद्धची कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही. नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं.

वार्ताहरांना नावं ठेवणं सोपं आहे. पण जी पोरं तीन दिवस उपाशीतापाशी गोळ्यांच्या टप्प्यात उभी होती, ती आमच्यासाठीच उभी होती. आम्ही रिमोट हातात घेऊन जास्तीत जास्त दाखवणाऱ्या चॅनेलच्या शोधात होतो. गिऱ्हाईक मागतं तसा वडा तळला जातो.

वहिनींचा मुलगा शनिवारी संध्याकाळी घरी आला. सारी बिल्डिंग जिन्यात जमली. मी पुढे होऊन विचारलं, “काय रे, आत काय काय बघितलंस?” तो बुटांच्या नाड्या सोडत म्हणाला, “काम होतं काका,” आणि झोपायला गेला. चौदा तास झोपला. ज्यांना ठाऊक असतं, ते गप्प असतात.

आता मी रिटायर्ड आहे आणि प्रत्येकाच्या खिशात एकेक प्रक्षेपण केंद्र आहे. २०२५ च्या मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’ चालू असताना, ९ तारखेला संरक्षण मंत्रालयाने सगळ्यांनाच विनंती केली, की लष्करी कारवाया आणि सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका. म्हणजे चॅनेलवाले, समाजमाध्यमवाले, आणि ‘व्यक्ती’सुद्धा. व्यक्ती म्हणजे मी.

त्याच सुमारास एका रात्री पूर्व द्रुतगती मार्गावरून लष्करी गाड्यांची रांग चालली होती. मी गॅलरीत होतो. हात आपोआप मोबाइलवर गेला. छान चित्रीकरण झालं, हातही फारसा हलला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्यासाठी अंगठा टेकवणार, इतक्यात समोरच्या ब्लॉकमधला दिवा मालवला गेला. वहिनी आता पंचाहत्तरीच्या आहेत, नऊला झोपतात. दिवा त्यांनी झोपण्यासाठीच बंद केला असणार. पण मला पटांगणातला तो कर्णा ऐकू आला. मी चित्रफीत पुसून टाकली.

सकाळी ग्रुपवर त्याच रांगेच्या चार चित्रफिती आल्या होत्या. एकीखाली कुणीतरी विचारलं होतं, “काका, तुमच्या गॅलरीतून चांगलं दिसलं असेल. गाड्या किती होत्या?”

मी जन्मात पहिल्यांदा लिहिलं, “मोजल्या नाहीत.”

खोटं होतं. पुढच्या जीपसकट मी अगदी व्यवस्थित मोजल्या होत्या. सतरा.

पण कुणाला सांगू नका.